कावीळ-ब व सार्वत्रिक लसीकरण : वरच्या इयत्तांसाठी एक पाठ



पालखीचा मुक्काम निमगाव केतकीस पडतो, तेव्हा असंख्य वारकरी एका पंक्तीस जेवतात. हिपॅटायटिस-बी, म्हणजेच कावीळ-ब, हा यकृताचा रोग अशा सहभोजनाने होत नाही. दूषित अन्नपाण्याने होणारी कावीळ निराळी. ब-विषाणू पसरतो तो मुख्यतः प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकास, दुसऱ्यासाठी वापरलेल्या सुईने वा वस्तऱ्याने आणि शरीरसंबंधातून. हा भेद प्रथम स्पष्ट करावा.

दुसरा मुद्दा वयाचा. निरोगी प्रौढास संसर्ग झाल्यास शंभरांत पाचांहूनही कमी जणांच्या शरीरात विषाणू कायम राहतो. जन्मतः बाधा झालेल्या शंभर बालकांपैकी मात्र सुमारे 90 जणांत तो राहतो. अशी मुले निरोगी दिसतात. परंतु पुढे काहींस यकृताचा कर्करोग होतो, आणि बाधित मुलगी माता झाली की तिच्या बालकासही धोका पोहोचतो. म्हणून हा रोग पाळण्यातच अडवावा लागतो.

आता फळ्यावर गणित मांडावे. तैवान देशाने 1984 साली बाधित मातांच्या व 1986 पासून सर्वच नवजात बालकांना लस देण्यास आरंभ केला. तेथील तैपेई शहरात पंधरा वर्षांखालील मुलांत विषाणूवाहकांचे प्रमाण 1984 मध्ये शेकडा 9.8 होते, ते 1989 मध्ये 4.8, 1994 मध्ये 1.3 व 1999 मध्ये 0.7 झाले. दर हजारी वाहक किती, हे विद्यार्थ्यांनी काढावे : 98, 48, 13, 7. मग विचारावे, "जुने रोगी लसीने बरे झाले काय?" उत्तर नाही असेच येईल. लस जडलेला रोग घालवीत नाही. नवी पिढी त्यापासून वाचते, आणि पिढीगणिक रोगाचा साठा आटत जातो.

भारतात 2002 साली प्रायोगिक आरंभ होऊन 2011 साली ही लस देशभरच्या कार्यक्रमात आली. पहिली मात्रा जन्मापासून 24 तासांच्या आत, व पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांनी विनामूल्य मिळते. आपल्याकडे तिची कायदेशीर सक्ती नाही. म्हणून सक्तीचे कार्य समजुतीने साधावयाचे आहे. पालकसभेत पहिल्या मात्रेची व गर्भवतीच्या रक्ततपासणीची माहिती अवश्य द्यावी.

एखादे मूल वाहक असल्याचे कळल्यास ते गुप्त ठेवावे. त्याची बसण्याची वा जेवणाची जागा वेगळी करू नये. ही समज वर्गात रुजली, तरच पाठ सफल झाला असे मानावे.