परसू पुन्हा लावताना

आषाढात कोकणात भातलावणी असते. त्यामुळे आषाढीला ज्यांना जमत नाही असे आमच्याकडील पुष्कळ वारकरी कार्तिकीला पंढरपूरला जातात. वारी करून माणूस घरी येतो, पताका जागेवर लावतो, पडशी कोपऱ्यात ठेवतो, हातपाय धुवायला म्हणून मागचे दार उघडतो आणि पाहतो तो परसात पाऊल टाकायला जागा नाही! चार महिने पाऊस पिऊन माजलेले रान छातीला लागलेले असते. मग मनात येते, आता हे कधी आणि कसे साफ करायचे? त्याच प्रश्नाचा विचार आज करू या.

रत्नागिरीकडे या कामाला बेणणी म्हणतात. देशावरच्या वाचकांना वाटेल, गवतच ते, दोन दिवसांत निघेल. पण येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. जमीन जांभ्याची, वर मातीचा थर पातळ, खाली कातळ. ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही म्हणजे काय होते, ते आम्ही स्वतः भोगले आहे.

आमचे घर सहा-सात वर्षे बंद होते. मंडळी मुंबईस. परत राहायला आलो तेव्हा आईच्या वेळचा परसू ओळखू येईना. आम्ही काय केले? वैशाखात चार गडी लावले, एका दिवसात सगळे सपाट केले आणि संध्याकाळी ढीग पेटवून दिला. जमीन कशी तळहातासारखी दिसू लागली. आम्हाला मोठा अभिमान वाटला. त्या आगीच्या झळीने वडिलांनी लावलेले जायफळाचे झाड करपले, ते दुसऱ्या दिवशी दिसले. पुढे मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला आणि उघडी पडलेली तांबडी माती पाखाडीवरून वाहत खाली गेली. गणपतीत पाहावे तो रान पहिल्यापेक्षा दाट! माती गेली, झाड गेले, तण मात्र राहिले. आईने लावलेली हळद तेवढी जमिनीत निजलेली होती म्हणून वाचली. पावसाबरोबर तिची पाने वर आली. ती पाहून आम्हाला आमची चूक कळली. जमिनीत काय आहे, हे न ओळखताच आम्ही हात घातला होता.

तेव्हा पहिली गोष्ट ही की कोयता उचलण्यापूर्वी दोन दिवस नुसते पाहावे. कोठे कढीपत्ता आहे, कोठे अबोलीचे बूड राहिले आहे, कोठे आळूचे कंद आहेत, तेथे काठी रोवून चिंधी बांधावी. हळदीची पाने कार्तिकानंतर सुकून जातात, मग जागा सापडत नाही. म्हणून तिची खूण आधी करावी. शिवाय जे आज तण वाटते ते सगळेच टाकाऊ नसते. पावसाळ्याच्या आरंभी टाकळ्याची कोवळी भाजी आपण आवडीने खातो. आघाडा पत्रीला लागतो. शेतात जिला हरळी म्हणून शिव्या देतो, तीच दूर्वा होऊन गणपतीच्या मस्तकावर चढते. वस्तू वाईट नसते, ती भलत्या ठिकाणी माजली म्हणजे तण होते.

दुसरी गोष्ट वेळेची. कार्तिकीहून आल्यावरचे दिवस या कामाला फार चांगले. पाऊस गेलेला असतो, पण जमिनीत ओल असते. मूळ ओढले की येते. पौषानंतर हीच जमीन दगड होते आणि मूळ आत राहून नुसता शेंडा हाती येतो. दुसरे असे की रानमोडी फुलते ती याच सुमारास थंडीत, आणि मग तिचे पिसासारखे बी वाऱ्यावर सगळीकडे पसरते. ते धरण्यापूर्वीच तिला काढावे. टाकळ्याच्या शेंगा मात्र तोवर पिकत आलेल्या असतात. त्या न झटकता अलगद कापून वेगळ्या ठेवाव्या.

तिसरी गोष्ट, प्रत्येक तणाचे मर्म निराळे. घाणेरी आणि रानमोडी ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. घाणेरी तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणून या देशात आणली गेली! ही झुडपे वरून कापली तर बुडातून दुप्पट फुटतात. त्यांना कुदळीने जमिनीखाली चार बोटे, मुळाच्या मानेच्या खालून तोडून उपटावे. घाणेरी गुरांना बाधते, म्हणून ती गोठ्याकडे टाकू नये. लव्हाळ्याच्या खाली गाठींची माळ असते. घाईने खणले तर माळ तुटते आणि प्रत्येक गाठ नवे रोप होते. त्या वेचून कातळावर उन्हात कडकडीत वाळवाव्या. ती जागा पुन्हा पुन्हा खुरपावी, आणि तेथे दाट सावली करणारे पीक घ्यावे, कारण लव्हाळ्याला सावली सोसत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? औषध फवारा की झाले! पण परसात आपली विहीर असते, तुळस असते, पोरेबाळे अनवाणी फिरतात. ग्लायफोसेट नावाचे जे तणनाशक फार खपते, त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ साली निर्बंध घातले, हेही लक्षात ठेवावे. घरच्या परसाला कुदळ आणि खुरपे पुरेसे आहे.

एक सावधगिरी अगत्याची. रत्नागिरीत फुरसे पुष्कळ. ते लहानसे असते आणि जांभ्याच्या दगडाखाली, पाचोळ्यात बसते. आधी काठीने आपटून घ्यावे, दगड हाताने न उचलता पहारीने उलथावा, पायात जाड जोडा असावा. चावलेच तर दोरी आवळणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे धावणे यात वेळ घालवू नये. माणसाला चालू न देता तडक रुग्णालयात न्यावे. प्रतिविष तेथेच मिळते.

चौथी गोष्ट आम्ही सर्वांत उशिरा शिकलो. सगळे एकदम साफ करू नये. जेवढी जागा आपण लगेच लावू शकू आणि पुढे राखू शकू, तेवढीच मोकळी करावी. आम्ही दुसऱ्या खेपेला परसूचे चार भाग केले आणि त्या वर्षी न्हाणीजवळचा एकच घेतला. काढलेले तण पेटवले नाही. बी न धरलेले माडाच्या आळ्यात पसरले. वर झावळ्या आणि सोडणे घातली. मोकळ्या जागेत ओलीवर वाल आणि कुळीथ टाकले, न्हाणीच्या पाण्यावर मुळा, माठ आणि मिरची लावली. उताराच्या बाजूला गडगा नीट रचला. पुढच्या मृगाला माती जागची हलली नाही.

आणि तरीही तण आले! यायचेच. अमेरिकेत मिशिगन येथे विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली तणांच्या बिया बाटल्यांत घालून पुरल्या. त्यांतली एक बाटली २०२१ साली उकरली, तेव्हाही काही बिया रुजल्या. एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ जे बी मातीत वाट पाहते, ते आपल्या एका दिवसाच्या बेणणीने कसे जाईल? म्हणून पहिली सफाई हे काम नव्हे, ती कामाची सुरुवात. खरे काम म्हणजे रोज सकाळी घटकाभर खुरपे घेऊन बसणे. दोन पानांचे रोप दोन बोटांनी निघते. तेच महिनाभर राहू दिले तर कुदळ लागते.

सावता महाराजांनी शके १२१७ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९५ साली, सोलापूर जिल्ह्यातील अरण येथे देह ठेवला. त्यांनी मळा सोडला नाही, विठोबाच त्यांच्या मळ्यात आला, असे आपण कीर्तनात ऐकतो. मळ्यात खुरपे घेऊन बसणे काय असते, हे स्वतः बसल्याशिवाय कळत नाही, एवढेच आम्ही म्हणू.

आमच्या परसूचे तीन भाग झाले, चौथा अजून रानात आहे. जायफळाच्या जागी नवे रोप लावले आहे. त्याचे फळ पाहायला काही वर्षे थांबावे लागेल. हळद मात्र दरसाल येते, आणि नागपंचमीला तिच्या पानांत पातोळ्या होतात. वाचकहो, तुमचेही दार बरेच दिवस बंद असेल तर ते उघडा, आणि पहिल्या दिवशी हातभर जागाच घ्या. पण ती सोडू नका.