मांजराच्या वजनाची वही

पाळीव मांजरांच्या पशुवैद्यकात गेल्या दोन-अडीच दशकांत मोठा बदल झाला असून, उपचार आता सरसकट न ठरता समोरच्या एका मांजराचे वय, वंश, वजन, आहार आणि पूर्वीच्या तपासण्या पाहून ठरू लागले आहेत. मात्र सोलापूरसारख्या जिल्ह्यात, जिथे पशुवैद्यकीय व्यवस्था मुख्यतः गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांच्या गरजेतून उभी राहिली, तिथे या बदलाचा लाभ मिळणे बरेचसे पाळणाऱ्याच्याच हाती असते.

प्रस्तुत लेखकाच्या घरातील वयस्क देशी मांजर एका उन्हाळ्यात रोडावू लागले, तेव्हा पारा चाळीस अंशांच्या वर असल्यामुळे खाणे कमी होणे साहजिक वाटले आणि वाढलेली तहानही उन्हाच्याच खाती जमा झाली. पाऊस पडू लागला तरी ते सावरेना, म्हणून रक्त तपासले असता क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंच्या चयापचयात तयार होणारे आणि मूत्रपिंडांनी शरीराबाहेर टाकावयाचे द्रव्य, बरेच वाढलेले आढळले. डॉक्टरांनी प्रथम मागील वर्षीचे वजन आणि जुना अहवाल मागितला. दोन्हींपैकी काहीच नव्हते, त्यामुळे आजार महिन्याभराचा की वर्षभराचा, हे ठरवण्यास आधारच मिळाला नाही.

या रिकाम्या जागेचे महत्त्व मूत्रपिंडांच्या कार्यपद्धतीतून समजते. प्रयोगशाळेच्या अहवालातील ‘सामान्य मर्यादा’ अनेक निरोगी मांजरांच्या रक्तावरून आखलेली असते आणि ती रुंद असते, त्यामुळे एखाद्या मांजराचे क्रिएटिनिन त्याच्या स्वतःच्या पातळीच्या दीडपट होऊनही मर्यादेच्या आतच राहू शकते. ते मर्यादा ओलांडते तोवर मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता गेलेली असते. शिवाय म्हातारे मांजर रोडावले की स्नायू घटतात, स्नायू घटले की क्रिएटिनिनही कमी तयार होते, आणि आजार वाढत असताना आकडा मात्र समाधानकारक दिसतो. म्हणूनच स्नायूंच्या प्रमाणावर फारसे अवलंबून नसलेली एसडीएमए नावाची रक्ततपासणी अलीकडे जोडीला केली जाते, परंतु वजनाची जुनी नोंद हाताशी असेल तर हा चकवा साध्या नजरेलाही ओळखता येतो.

निदानानंतरचे उपचारही आता एकसाची राहिलेले नाहीत. आयरिस या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या वर्गीकरणानुसार आजाराची पायरी क्रिएटिनिन व एसडीएमएवरून ठरते, आणि पुढे लघवीतून जाणारी प्रथिने व रक्तदाब पाहून तिचे पोटभाग पाडले जातात. त्यामुळे एकाच पायरीवरील दोन मांजरांपैकी एकाला रक्तदाबाचे औषध लागते, तर दुसऱ्याला केवळ आहारातील बदल पुरतो. शेजारच्या मांजराला लागू पडलेली गोळी आपल्या मांजराला देणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

माणसाची गोळी देणे तर त्याहून घातक आहे. पॅरासिटामॉलचे विघटन ज्या यकृतातील रासायनिक मार्गाने होते तो मार्ग मांजरात अत्यंत दुबळा असल्याने, चार किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात आणि तोंड व पंजे सुजतात. गोळी पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे आणि गोळीचे पाकीट सोबत न्यावे. कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारी परमेथ्रिनयुक्त औषधेही मांजराच्या अंगावर कधीच लावू नयेत.

वंशानुसार होणाऱ्या तपासण्यांबाबत तारतम्य आवश्यक आहे. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडांत गाठी निर्माण करणाऱ्या जनुकीय दोषाचा शोध २००४ मध्ये लागला, म्हणून पर्शियन पिल्लू घेताना त्याच्या आईबापांची या दोषासाठी तपासणी झाली आहे का, हे विचारणे रास्त आहे. देशी मांजरासाठी मात्र महागड्या जनुकीय चाचणीपेक्षा वर्षातून एकदा केलेली रक्त आणि लघवीची साधी तपासणी, आणि सात-आठ वर्षांनंतर तीच दर सहा महिन्यांनी, कितीतरी अधिक उपयोगी पडते.

आहारातही हाच विचार लागू होतो. मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल प्राणिज अन्नातूनच मिळवावे लागते, आणि त्याच्या अभावी हृदयाचे स्नायू सैल पडतात, हे १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. दूध-भाकरीवर वाढवलेल्या मांजराची प्रकृती हाताळताना ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक असणे आवश्यक असते, म्हणून मांजर काय खाते, हे संकोच न करता जसेच्या तसे सांगावे. सोलापुरी शेंगाचटणी लावलेला तुकडा मात्र देऊ नये, कारण लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात.

नोंदीसाठी एक साधी वही पुरते. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, शक्यतो तान्ह्या बाळांच्या वजनकाट्यावर, वजन करावे, कारण चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो घटणे होय, आणि माणसांच्या साध्या काट्यावर हा फरक सहज निसटतो. गाढ झोपेतील श्वास मिनिटाला तीसच्या वर सतत जात असतील, तर तीही नोंद करावी. उडी मारण्यातला संकोच मोबाईलवर टिपून ठेवावा, कारण दवाखान्यात घाबरलेले मांजर लंगडणेसुद्धा लपवते. पुढील उपचारांसाठी पुण्याला, सुमारे २५० किलोमीटर दूर, न्यावे लागले, तर हीच वही आणि जुने अहवाल तिथल्या डॉक्टरांचा पहिला आधार ठरतात.

या सवयीला एक अपवाद आहे: बोका वारंवार लघवीला बसतो, कण्हतो आणि थेंबही उतरत नाही असे दिसले, तर ते बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबू नये, कारण मूत्रमार्ग पूर्ण तुंबल्यास रक्तातील पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते, अशा वेळी वही घरीच राहिली तरी चालेल, पण बोका त्याच रात्री डॉक्टरांच्या हाती पोचला पाहिजे.