पडद्यावरच्या गोष्टी आणि स्वतंत्र वाचन

प्रश्न : वऱ्हाडातील केनवडसारख्या गावातील प्राथमिक शाळेत संगणकीय वाचन कार्यक्रमामुळे मुले स्वतःहून वाचू लागतील का?

उत्तर : गूगलने 2019 मध्ये ‘बोलो’ या नावाने भारतात आणलेले, पुढे ‘रीड अलाँग’ झालेले अ‍ॅप मुलाचे मोठ्याने केलेले वाचन ऐकून अडलेला शब्द उच्चारून दाखवते, त्यामुळे वाचनातील ओघ, म्हणजे अक्षरे न जुळवता सलग वाचण्याची क्षमता, वाढण्यास मदत होते. स्वतंत्र वाचन, म्हणजे स्वतः निवडलेले पुस्तक कोणी न सांगता वाचणे, मात्र पडद्यावर बक्षीस म्हणून मिळणाऱ्या ताऱ्यांच्या आधारे टिकत नाही. म्हणून ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील मोफत मराठी गोष्टी मुलांनाच निवडू द्याव्यात, छापील पुस्तकेही हाताशी ठेवावीत आणि वऱ्हाडी वळणाचा उच्चार अ‍ॅपने चुकीचा ठरवल्यास शिक्षकाने निःसंकोचपणे मुलाची बाजू घ्यावी.