दुधाच्या रतिबाचा धडा

धान विकत घेणारा मनुष्य मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून पाहतो आणि मग भाव करतो. कापड घेणारी बाई त्याचा पोत चोळून पाहते. दुधाचे तसे नाही. पहाटे दारात मापाने ओतलेले दूध पांढरे दिसते, आणि त्यात दहावा हिस्सा पाणी असले तरी ते पांढरेच दिसते. ह्याचे कारण असे की, शुद्ध दुधाच्या शंभर भागांतही म्हशीच्या दुधात सुमारे ८३ व गाईच्या दुधात सुमारे ८७ भाग पाणीच असते. पाण्यात पाणी मिसळले तर ते डोळ्यांना कसे कळावे?

हा विषय मी पुस्तकातून प्रथम शिकलो नाही. सन १९७६ पासून तीन वर्षे मी प्रतापगड येथे सकाळचा रतीब घालीत असे. तेव्हा माझे वय बारा-तेरा वर्षांचे होते. प्रतापगड हे गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. त्या वेळी हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. गोंदिया जिल्हा १९९९ साली निराळा झाला. गावच्या डोंगरावर महादेवाचे स्थान आहे आणि मुसलमान बांधवांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. त्या यात्रेचा माझ्या गोष्टीशी संबंध आहे, तो पुढे येईल.

आमच्या कोठ्यात दोन नागपुरी म्हशी होत्या. ह्या जातीची शिंगे लांब, चपटी व तलवारीसारखी मागे गेलेली असतात. अंधारात त्यांच्यापासून जपून राहावे लागे. वडील काळोखातच धार काढावयास बसत. आई आदल्या रात्री डबे राखेने घासून, कढत पाण्याने विसळून उपडे घालून ठेवीत असे. डब्याच्या सांध्यात कालच्या दुधाचा थेंब जरी राहिला तरी आजचे सारे दूध नासते, असे ती म्हणे. तिला जंतूंची विद्या ठाऊक नव्हती, परंतु तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कोमट दुधात जंतू इतक्या झपाट्याने वाढतात की उन्हाळ्यात उजाडण्यापूर्वी निघालेला व सूर्य वर आल्यावर पोहोचलेला, ह्या दोन दूधवाल्यांच्या मालात आकाशपाताळाचे अंतर पडते. म्हणून मला उशीर करण्याची मुभा नव्हती.

दोन डबे कावडीला लावून मी निघे. माझ्यापाशी एक लिटर, अर्धा लिटर व पाव लिटर अशी तीन मापे होती. आजी मात्र शेवटपर्यंत शेर-पावशेरातच हिशेब करीत असे, आणि तो चुकतही नसे. आधी गावातील घरे, मग चहाची दुकाने, आणि त्यानंतर तिबेटी लोकांची वसाहत. नॉर्गेलिंग नावाची ही वसाहत १९७२ साली वसली. हिमालयापलीकडील थंड मुलखातील ती माणसे आमच्या वैशाखातील उन्हात कशी राहत असतील, ह्याचे मला नवल वाटे. दुधाला ते ‘ओमा’ म्हणत. त्यांच्या चहात मीठ व लोणी असते हे ऐकून मी घरी येऊन सर्वांना हसविले होते. त्यांची भाषा मला येत नसे व माझी पुष्कळांना येत नसे. बोटे दाखवून माप ठरे. परंतु महिनाअखेर पैशांचा वाद एकदाही झाला नाही.

आता यात्रेची गोष्ट. त्या आठवड्यात चहाच्या दुकानदारांनी दुप्पट दूध मागितले. म्हैस काही यात्रा पाहून अधिक दूध देत नाही. तिसऱ्या दिवशी मी वाटेतील विहिरीवर थांबलो, इकडेतिकडे पाहिले, आणि डब्यात तांब्याभर पाणी ओतले. वाढलेले दूध रोख विकले आणि ते पैसे वडिलांना दाखविले नाहीत. यात्रा उठली, दुकाने गेली, परंतु तांब्या काही सुटला नाही. एका दुकानदाराला रोज जास्तीचे लिटरभर देण्याचे मी कबूल करून बसलो होतो.

असे पाणी केवळ दूध पातळ करीत नाही. उघड्या विहिरीचे न उकळलेले पाणी हगवण व विषमज्वर घेऊन घराघरांत जाते. मी मात्र त्या वेळी एवढाच विचार करीत होतो की कोणास कळले नाही.

पुढे मोठेपणी काही वर्षे मी दूध संकलनाच्या कामावर होतो, तेव्हा कळण्याची साधने पाहिली. दुग्धमापक म्हणजे तळाशी वजन असलेली काचेची नळी; ती दुधात तरंगते व तिच्यावरील आकडा पाहावयाचा. गाईचे चांगले दूध सुमारे २८ ते ३२ दाखविते. तीस आकड्याच्या दुधात दहावा हिस्सा पाणी घातले की तो सत्तावीसच्या आसपास उतरतो. ही परीक्षा सोपी आहे, परंतु लबाड मनुष्य तिलाही फसवितो. साय हलकी असते. ती काढून घेतली की आकडा चढतो. मग पाणी घालून तो पुन्हा तिसावर आणून ठेवावा, म्हणजे चोरी दोनदा होऊन नळी साक्ष देते की दूध उत्तम आहे! उलट, नुकत्याच काढलेल्या ऊन, फेसाळ दुधात आकडा उणा दिसतो व निरपराध्यावर संशय येतो. म्हणून स्वित्झर्लंडच्या गर्बर ह्या गृहस्थाने काढलेली स्निग्धांशाची परीक्षा अधिक खरी. तीत आम्ल घालून, दूध यंत्रात वेगाने फिरवून, त्यातील स्निग्धांश निराळा करून मोजतात. १९४६ साली आणंद येथे नोंदल्या गेलेल्या खेडा जिल्हा संघाने स्निग्धांशावर मोल देण्याची पद्धत चालविली, तिचे मर्म हेच की पाण्याला मोल मिळत नाही. मुंबईजवळ १९४९ साली आरे येथे दुग्धवसाहत निघाली, आणि तेथील दूध बंद बाटल्यांतून शहरात जाऊ लागले. झाकण शाबूत असले म्हणजे वाटेतील तांब्याची भीती उरत नाही.

परंतु खेड्यातील दाराशी ना नळी असते, ना यंत्र, ना झाकण.

माझ्या रतिबातील शेवटचे घर एका म्हाताऱ्या बाईचे होते. सून बाळंतपणात वारली होती, आणि नातू आठ-नऊ महिन्यांचा. रोज अर्धा लिटर दूध त्या लेकरासाठी असे. यात्रेनंतर पंधरवड्याने ती मला म्हणाली, “बापू, म्हशीले ढेप बंद केली का रे?” मी म्हणालो, “ढेपीचा भाव वाढला, आजी.” ती म्हणाली, “असन बा.” आणि मग सहज बोलावे तसे तिने सांगितले की, म्हशीचे दूध लेकराला जड जाते म्हणून ती त्यात पाणी घालून पाजीत असे, अलीकडे मात्र पाणी घालावे लागत नाही, तसेच पाजते. एवढे बोलून ती कोळशाचा तुकडा घेऊन भिंतीकडे वळली. दर दिवसाच्या मापाची एक रेघ ती तेथे ओढीत असे.

तिने मला चोर म्हटले नाही. वडिलांपाशी गाऱ्हाणेही नेले नाही. मी दोन रात्री झोपलो नाही, व तिसऱ्या दिवशी धार निघण्यापूर्वी वडिलांना सर्व सांगितले. त्यांनी मला मारले नाही. ते नुसते डब्याकडे पाहत राहिले. त्या सकाळी कावड त्यांनी स्वतः उचलली व मला मागून चालावयास लावले. प्रत्येक दारी मला माझ्या तोंडाने सांगावे लागले. दोन घरांनी रतीब तोडला. त्या दुकानदाराने हसून सोडून दिले, तेच मला अधिक लागले. तिबेटी वसाहतीत मी काय सांगतो ते कित्येकांना कळेना, तेव्हा वडिलांनी डब्याकडे व विहिरीकडे बोट दाखविले. मग कळले.

म्हाताऱ्या बाईच्या दारी वडिलांनी सांगितले की, मागील महिन्याचे पैसे नकोत, आणि पुढचा महिनाभरही दूध असेच येईल. तिने पातेले पुढे केले, दूध घेतले, बोट बुडवून पाहिले, आणि नेहमीप्रमाणे भिंतीवर रेघ ओढली.