राज्यसंस्था आणि धर्म
(नागरिकशास्त्राच्या पाठासाठी विवेचन)

वरच्या प्राथमिक वर्गांना मूलभूत हक्क शिकविताना ‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दापाशी पाठ बहुधा अडखळतो. ‘सर्व धर्म समान’ एवढे वाक्य फळ्यावर लिहिले आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, की भाग संपला असे समजण्यात येते. परंतु ती झाली मनाची भावना. राज्यघटनेने सांगितलेली गोष्ट त्याहून निश्चित आहे. धर्माच्या बाबतीत शासनाने कोठवर जावे व कोठे थांबावे, याचा तो नियम आहे. आणि शाळेत शासनाच्या वतीने शिक्षकच उभा असल्यामुळे, जो नियम तो शिकवितो तो प्रथम त्यालाच लागू होतो.

विषयविवेचन : घटनेच्या २५ ते २८ या कलमांचा आशय शिक्षकाने आधी नीट समजून घ्यावा. कलम २५ प्रमाणे प्रत्येकास सदसद्विवेकबुद्धीचे आणि धर्माचरणाचे स्वातंत्र्य आहे. मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. कलम २६ धर्मसंप्रदायांना आपले धार्मिक व्यवहार पाहण्याची मोकळीक देते. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खर्चावयाचा कर कोणावरही लादता येत नाही, असे कलम २७ सांगते. कलम २८ तर थेट आपल्या दाराशी येते. पूर्णतः शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित व मान्यताप्राप्त शाळेतही पालकाच्या संमतीवाचून मुलास धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. ही कलमे १९५० पासून आहेत. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द मात्र उद्देशपत्रिकेत १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला.

अन्य देशांशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होईल. अमेरिकेच्या घटनेतील १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने धर्म प्रस्थापित करणारा कायदा करण्यास तेथील संसदेला मनाई केली. १९६२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्यातील सरकारी शाळांत म्हटली जाणारी, कोणत्याही पंथाचे नाव नसलेली प्रार्थनाही घटनाबाह्य ठरविली. आपल्याकडे राज्य व धर्म यांच्यामध्ये इतकी उंच भिंत नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून उपोषण केले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. पुढे घटनेनेही अशा सुधारणेस वाव ठेवला. नागरिकांच्या समतेसाठी शासन मंदिराच्या उंबरठ्यापर्यंत जाऊ शकते. कोणी कोणती श्रद्धा बाळगावी, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

वर्गातील मांडणी : पुढील हकीकत मुलांना सांगावी. केरळमधील एका शाळेत ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत; परंतु आपल्या श्रद्धेमुळे ती गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. येथे थांबून विचारावे : त्यांनी राष्ट्रगीताचा अवमान केला काय? मुलांना मनमोकळे बोलू द्यावे. नंतर निकाल सांगावा. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी मुलांच्या बाजूने निर्णय दिला व त्यांना पुन्हा प्रवेश देण्यास सांगितले. आदराने उभे राहणाऱ्या मुलाचे मौन हा अपराध नव्हे, हा त्याचा इत्यर्थ.

दोन शंका : ‘मग तुकारामांचा अभंग शिकवू नये काय?’ अवश्य शिकवावा. तो मराठी भाषेचे धन आहे. रमजान, नाताळ, बुद्धपौर्णिमा यांची माहितीही द्यावी. निरनिराळ्या धर्मांची ओळख करून देणे म्हणजे कलम २८ मधील धार्मिक शिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटले आहे. माहिती देणे वेगळे आणि आचरण करावयास लावणे वेगळे. ही सीमारेषा शिक्षकाने ओळखावी.

‘आमच्या गावी सारे एकाच धर्माचे, मग अडचण कोणाची?’ ही दुसरी शंका. हक्क हा डोकी मोजून मिळत नाही. उद्या ऊसतोड कामगाराचे एखादे निराळ्या धर्माचे मूल वर्गात आले, तर ते तक्रार करणार नाही. मागल्या रांगेत मान खाली घालून बसेल. त्याला शासन कोठे भेटते? मंत्रालयात नव्हे, आपल्याच वर्गात.

स्वाध्याय :
१. धर्माची माहिती देणे व धार्मिक शिक्षण देणे यांतील फरक एकेक उदाहरण देऊन सांगा.
२. केरळमधील मुलांच्या जागी तुम्ही असता, तर शिक्षकांना काय सांगितले असते?
३. आपल्या गावातील निरनिराळ्या धर्मांचे सण कोणते, याची यादी घरी विचारून करा.