नैराश्यग्रस्त आंतररुग्ण आणि शारीरिक हालचाल : समुपदेशनाचा एक पाठ

सकाळचे दहा वाजून गेलेले असतात. वॉर्डातील नैराश्यग्रस्त रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडून असतो. खाटेजवळचा चहा निवून गेलेला असतो. भेटीस आलेले नातेवाईक सांगतात, ‘जरा ऊठ, फिरून ये, म्हणजे बरे वाटेल.’ सल्ला खोटा नसतो. तरीही रुग्ण उठत नाही. उलट, ‘एवढेही आपल्याच्याने होत नाही’ ही टोचणी मात्र वाढते. हालचालीचा उपदेश आणि हालचालीविषयीचे समुपदेशन यांतील भेद येथूनच सुरू होतो. परिचारिका व समुपदेशक यांनी तो नीट ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

हालचाल का मंदावते?

नैराश्य हा आळस नव्हे. तो आजार आहे. झोप, भूक व एकाग्रता यांच्याप्रमाणेच शरीराची गतीही त्यात मंदावते. उत्साह नाही म्हणून काम होत नाही. काम होत नाही म्हणून दिवसात समाधानाचा क्षण येत नाही. आणि त्यामुळे उरलासुरला उत्साहही ओसरतो. निरोगी माणसाला आधी इच्छा होते व मग तो उठतो. रुग्णाच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो : आधी लहानशी कृती, मागाहून इच्छा. ‘बरे वाटले की फिरेन’ असे रुग्ण म्हणतो, तेव्हा त्याला हा उलटा क्रम शांतपणे समजावून देणे हाच समुपदेशनाचा गाभा होय.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पन्नाशी ओलांडलेल्या १५६ नैराश्यग्रस्तांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. १६ आठवड्यांअखेर नियमित व्यायाम करणाऱ्यांत औषध घेणाऱ्यांइतकीच सुधारणा दिसली. मात्र औषधाचा गुण प्रारंभी लवकर आला. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक, बिगर-वैद्यकीय समुपदेशकांनी रुग्णांना दैनंदिन कृतींकडे पुन्हा वळविले. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले होते. केवळ नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अर्थात हे अभ्यास वॉर्डाबाहेरील रुग्णांचे आहेत. तीव्र आजारामुळे दाखल झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हालचाल ही औषधोपचाराची जोड आहे, त्याचा पर्याय नव्हे.

समुपदेशनाची रीत

प्रथम डॉक्टरांकडून हृदय, रक्तदाब, सांधे व रक्तक्षय यांविषयी खात्री करून घ्यावी. नंतर रुग्णाजवळ बसून विचारावे, ‘आजारापूर्वी तुमचा दिवस कसा जात असे?’ कोणी बाजारात पायी जात असेल, कोणी परसातील झाडांना पाणी घालीत असेल. नवा व्यायाम लादण्यापेक्षा हा जुना धागा पुन्हा हाती देणे सोपे जाते.

पहिले पाऊल हास्यास्पद वाटावे इतके लहान असू द्यावे : खाटेपासून व्हरांड्यापर्यंत, दिवसातून दोनदा, पाच मिनिटे. वेळ ठरवून द्यावी व प्रारंभी स्वतः सोबत चालावे. चालण्यापूर्वी व नंतर मनःस्थितीला शून्य ते दहांपैकी किती गुण द्याल, हे विचारून नोंद ठेवावी. ‘कशाचाच उपयोग नाही’ असे म्हणणाऱ्या रुग्णाला स्वतःच्याच नोंदीत एखाद्या गुणाचा फरक दिसला, तर तो आपल्या दहा वाक्यांहून अधिक बोलका ठरतो. ठरलेले झाले नाही तर दोष देऊ नये. हप्ता निम्मा करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे हे दूरचे उद्दिष्ट आहे; ते पहिल्या दिवशी रुग्णापुढे ठेवू नये.

दक्षता

काही नैराश्यरोधक औषधांनी उभे राहताना रक्तदाब उतरून चक्कर येते. म्हणून खाटेवर क्षणभर बसून मगच उठावयास सांगावे. लिथियम घेणाऱ्यास घाम फार गेल्यास रक्तातील औषधाचे प्रमाण वाढण्याचा धोका असतो. त्याने उन्हात श्रम टाळावेत व पाणी पुरेसे प्यावे.

सर्वांत महत्त्वाची दक्षता निराळीच आहे. सुधारणेच्या प्रारंभी अंगात बळ येते, परंतु निराशा ओसरलेली नसते. अशा वेळी आत्महत्येचा धोका वाढू शकतो. रुग्ण हिंडू-फिरू लागला म्हणून पहारा सैल करू नये, त्याला एकट्याने आवाराबाहेर पाठवू नये, आणि जीविताविषयीचे विचार मनात येतात का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने असे विचार बळावतात, ही समजूत निराधार आहे.

घरी जाताना

रुग्णालयातून सोडण्यापूर्वी घरच्या माणसांसमक्ष पुढील आठवड्याची आखणी लिहून द्यावी : कोणत्या वेळी, कोठे, कोणाबरोबर. पावसाळ्यात बाहेर पडता न आल्यास ओसरीवर येरझारा घालाव्यात, हेही आधीच ठरवावे. ‘घरकाम करते, तेवढे पुरे’ असे स्त्रीरुग्णाविषयी अनेकदा म्हटले जाते. घरकाम हे श्रमच आहेत. तथापि दिवसातील वीस मिनिटे तिची स्वतःची असावीत, असा आग्रह समुपदेशकाने धरावा. मन फार खचल्यास ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक त्याच कागदावर लिहावा.

‘ऊठ’ म्हणणारे रुग्णाभोवती पुष्कळ असतात. त्याच्यासोबत व्हरांड्यापर्यंत चालणारे माणूस मात्र बहुधा आपल्यालाच व्हावे लागते.