रिपोर्ट वाचला आणि कंबर आखडली

कंबरदुखीचा एमआरआय रिपोर्ट हातात घेऊन धास्तावलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

माझी कंबर धरली ती मार्चअखेरीस. बँकेत वर्ष बंद करायची धावपळ, घरी सासूबाईंचं आजारपण. रिपोर्टमध्ये लिहून आलं, 'एल-फोर, एल-फाइव्ह डिस्क बल्ज', म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली. तो पाहून एकांनी जाता जाता म्हटलं, "जपा हं, मणका झिजलाय." तेव्हापासून माझं चालणंच बदललं. पट्टा बांधला, वाकणं बंद, बादली उचलणं बंद. शिंक येणार असं वाटलं तरी आधी भिंत धरायची. कंबर सुधारायची सोडून मान आणि खांदेही आखडू लागले. मात्र भाचीच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत उभी होते, तेव्हा कंबरेची आठवणही झाली नाही. पुन्हा कामावर गेले, थकीत कर्जांची यादी समोर आली आणि कळ हजर!

याचा उलगडा फिजिओथेरपिस्ट बाईंनी केला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि पन्नाशीच्या ६० टक्के लोकांमध्ये डिस्क बल्ज दिसला होता. वयाबरोबर केस पिकतात, तसंच हेही.

मग दुखत होतं ते खोटं होतं का? मुळीच नाही. वेदना किती जाणवावी, हे केवळ इजेवर ठरत नाही. मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना वाट मोकळी करणारी किंवा अडवणारी यंत्रणा असते आणि मेंदू तिच्यावर हुकमत चालवतो, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडला. त्याचे तपशील पुढे बदलले, पण मूळ मुद्दा टिकला. भीती, काळजी आणि अपुरी झोप यांनी वेदना तीव्र होते. घाबरलेला माणूस स्नायू आवळून धरतो, आवळलेले स्नायू दुखतात आणि त्या दुखण्याने भीती आणखी वाढते.

म्हणून काही गोष्टी सांगते. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा येणं किंवा पायातली ताकद कमी होणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, कारणाशिवाय घटणारं वजन, पडल्यानंतरचं दुखणं किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. तिथे मनाचा विचार नंतर.

असं काही नाही, हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हालचाल सुरू करा. मी आधी घरातल्या घरात चालले, मग हळूहळू वाकायला लागले. थोडं दुखलं म्हणजे इजा झाली असं नसतं, हे स्वतःला सांगावं लागलं. कळ कधी उठते आणि तेव्हा काय चाललेलं असतं, याची वहीत नोंद ठेवा. दात आवळलेले, खांदे वर चढलेले जाणवले, की सावकाश श्वास सोडत ते सैल करा.

घरच्यांनी "सगळं तुझ्या मनात आहे" असं म्हणू नये, आणि "तू नुसती पडून राहा" असंही म्हणू नये.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: माझ्या वयाच्या, काहीही दुखत नसलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये हेच दिसलं असतं का?